सरकीतला प्रवासी

वऱ्हाडचा इतिहास सांगणारे १८५३ सालच्या निजामाच्या तहापासून आरंभ करतात. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. मला तो कापसाच्या बोंडाच्या आतून पाहावासा वाटतो. तेथे गुलाबी अळी बसलेली असते.

भडोचच्या सरकारी कापूस-मळ्यांतून १८४२ साली या किडीचे नमुने विलायतेस गेले आणि पुढल्याच वर्षी सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रोक्त बारसे केले. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे तिचे आजचे नाव. पतंग मोठा गरीब दिसतो: मातकट, पंख पसरून जेमतेम पाऊण इंच, दिवसा दडणारा, रात्री हिंडणारा. मादी पाती, फुले, बोंडे यांवर अंडी घालते. इवलीशी अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली! फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने शिवून टाकते; त्या न उमललेल्या फुलाला आपले शेतकरी डोमकळी म्हणतात.

पण तिची खरी हिकमत निराळीच. हंगाम सरला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून ती आत निजते, आणि महिनेच्या महिने निजून राहते. माणसाने मग तिला वाहून नेले. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या आगगाडीचे उद्घाटन केले, ते कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून. कापूस निघाला, तशी कोठून कोठून सरकीही निघाली. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातील सरकीतून ही अळी मिसरला पोहोचली असे मानतात. तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिको, १९१७ साली टेक्सास. आगबोटीचे भाडे मात्र तिने कोणालाच दिले नाही.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा अळीचे दिवस भरले असे वाटले. २०१० मध्ये कंपनीनेच कबूल केले की गुजरातेत ती पहिल्या बीटीला जुमानत नाही. दुहेरी जनुकाचे बियाणे आले, तेही तिने पचवले. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात कापसाऐवजी कवडी वेचण्याची पाळी आली. उलट अमेरिकेने २०१८ साली तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले: बीटी, सापळे, वांझ पतंग आणि पीक वेळेवर मोडण्याची शिस्त. यांतली शेवटची गोष्ट आम्हांला जड जाते. डिसेंबरात शेत मोकळे करा, फरदड घेऊ नका, असे सांगणारे बरोबरच सांगतात. पण ज्याची पहिली वेचणी कर्जात गेली, त्याला झाडावरची शेवटची बोंडे सोडवत नाहीत. त्याला अडाणी म्हणणे मला पटत नाही.

आमच्याकडे चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंजी घराशेजारीच रचतात. परवा वर्गातल्या पोरांनी तीतले एक वाळके बोंड फोडले. चिकटलेल्या दोन सरक्या निघाल्या. नखाने उकलल्या, तर आत अळी गुलाबी आणि जिवंत होती.