जुना जेसीबी घेताना

माझ्या मावसभावाला जुना जेसीबी घ्यायचा आहे. घराचा पाया, शेततळं, बांधदुरुस्ती अशी घरचीच कामं, उरलेले दिवस भाड्यानं. परवा एक मशीन पाहून आलो. सोबतच्या मिस्त्रीनं मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवला नाही. बकेट हलवून पिन-बुशचा ढिलेपणा पाहिला, सिलिंडरमधून तेल झिरपतंय का ते पाहिलं, आणि मग कागद मागितले: आरसी आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला.

खाला मात्र म्हणाल्या, "ते मशीन दारात नको रे. टीव्हीवर पाहिलंय मी त्याला."

जेसीबी हे खरं तर एका माणसाचं नाव. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. 1945 साली इंग्लंडमधल्या उटॉक्सेटर गावात, भाड्याच्या छोट्या गॅरेजमध्ये, जुनं वेल्डिंग मशीन घेऊन त्यानं धंदा सुरू केला. युद्धातून उरलेल्या सामानातून शेतकऱ्यासाठी एक ट्रेलर बनवला आणि 45 पौंडांना विकला. म्हणजे सुरुवातच जुन्या मालातून झाली. 1953 मध्ये कंपनीचं पहिलं बॅकहो लोडर आलं: पुढे भरायचं सूप, मागे खोदायचा हात. 1979 मध्ये एस्कॉर्ट्ससोबत हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना निघाला. पुढे पुण्याजवळही. हळूहळू कोणत्याही कंपनीचं मशीन असो, आपण त्याला जेसीबीच म्हणू लागलो.

आपल्याकडे विहिरी खोदल्या त्या वडार समाजानं, पहार आणि सुतकीच्या बळावर. त्यांचं महिन्यांचं काम या मशीननं दिवसांवर आणलं. पाणी लवकर लागलं, पण त्यांच्या हातचं काम गेलं.

आणि मग खालांनी पाहिलेलं चित्र. आरोप होताच, खटला चालण्याआधीच, घर पाडणं. त्यात मुसलमानांची घरं किती होती हे खालांना कुणी सांगायला नको. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागेल. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा जागांवरच्या अतिक्रमणांना मात्र हे संरक्षण नाही.

मी खालांना एवढंच म्हणालो, मिस्त्री मशीन घेताना कागद मागतो. दारात मशीन आलं तर आपणही कागद मागायचा. आणि आपले कागद आजच नीट लावून ठेवायचे.

खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या. पण पहिला खड्डा आपल्या घराच्या पायाचा."