नजराणा, दत्तक आणि घराण्याचें इनाम

इनामपत्रांतील “पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें” हे शब्द वाचून असा समज होतो कीं, सनद झाली म्हणजे घराण्याची पुढील चिंता मिटली. व्यवहार तसा नव्हता. पेशवाईंत निपुत्रिक इनामदारानें दत्तक घेतल्यास त्यास सरकारची मंजुरी लागे व तीबद्दल नजर द्यावी लागे. ती रक्कम माणूस व प्रसंग पाहून ठरत असल्यामुळें वारसाचा खर्च कर्त्या पुरुषास आधीं मांडतां येत नसे.

इंग्रजी अमलांत ही अनिश्चितता वाढली. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास चौकशीचे अधिकार मिळाले. सनद निर्विवाद नसेल तेथें नुसता जुना भोगवटा पुरेसा नव्हता. कंपनीच्या अमलापूर्वीं ६० वर्षांचा भोगवटा व मूळ इनामदाराचा पुरुषवंशांतील नातू कब्जांत, इतकें सिद्ध झालें तरी इनाम चालावयाचें तें अमलाच्या आरंभींच्या कब्जेदाराचा औरस पुरुषवंश असेपर्यंतच. ज्या समाजांत वंश दत्तकानें राखण्याची चाल, तेथें या एका अटीनें किती घरांची झोंप उडाली असेल!

यावर तोड निघाली ती १८६३ च्या मुंबईच्या २ ऱ्या कायद्यानें. सरंजाम व चाकरीचीं वतनें त्यांतून वगळलीं होतीं. चौकशी नको असें म्हणणाऱ्या इनामदारानें आकाराच्या दर रुपयास एक आणा नजराणा व शिवाय आकाराचा चतुर्थांश जुडी दरसाल द्यावी. मग जमीन दत्तक, भाऊबंदांचा वारसा किंवा विक्री यांची आडकाठी न राहतां त्याची होई. आकार १६० रुपये धरल्यास नजराणा १० व जुडी ४० रुपये. तीस वर्षांची एक पिढी मानली तर नजराणाच ३०० रुपये, म्हणजे जवळजवळ दोन सालांचा आकार होतो. याला कोणी सरकारचें औदार्य म्हणतात. आमच्या मतें हा सौदा होता. वारसाच्या वेळचा अनिश्चित कर हप्त्यांनीं कायम झाला, आणि घराण्यास त्याबद्दल निश्चिंती मिळाली.

देवस्थान इनामाची गोष्ट वेगळी. त्यावर नजराणा नाहीं. देवास मरण नाहीं, मग वारस कोठला? पण तेंच इनाम विकतां, बक्षीस देतां किंवा मृत्युपत्रानें ठेवतां येत नसे. घरांतील जमीन कुलस्वामीच्या नांवें कीं कर्त्याच्या नांवें, हा प्रश्न म्हणून केवळ भक्तीचा नव्हता. जुनीं दप्तरें चाळतांना हा भेद आधीं पाहावा. एकाच घराण्याच्या दोन शेतांचे इतिहास त्यामुळें निराळे होतात.

पुढें १९५२ च्या मुंबई कायद्यानें जातइनामें रद्द झालीं. देवस्थान इनामांस मात्र तो कायदा लागू नव्हता. १९५३ त मृताच्या संपत्तीवर कर बसविणारा हिंदुस्थान सरकारचा कायदा आला, व तो कर १९८५ पर्यंत चालला.