वारशाच्या घड्याळाची वंशावळ

घरात चालत आलेले मनगटी घड्याळ कोणत्या काळातले आणि कुठल्या बनावटीचे, हे ठरवताना नजर आधी तबकडीवरच्या नावावर जाते. प्रत्यक्षात तबकडी हा सर्वांत कच्चा पुरावा. ती बदलता येते, पुन्हा रंगवता येते. खरी ओळख मागच्या झाकणाआड, मशीनवर कोरलेली असते.

पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुष प्रामुख्याने साखळीचे खिशातले घड्याळ वापरत. खंदकात लढणाऱ्या सैनिकांना ते वरचेवर बाहेर काढणे जड जाई, म्हणून घड्याळ मनगटावर आले. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, डाकलेल्या तारेच्या कड्यांतून पट्टा ओवलेला असेल, तर ते घड्याळ बहुधा १९१० किंवा १९२०च्या दशकातले असते.

स्विस घड्याळांचा व्यापार मुंबईत त्याआधीच रुजला होता. फाव्र-ल्युबाचा येथील व्यवहार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीची 'सोवार प्राइमा' घड्याळे लष्करात आणि रेल्वेत वापरात होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळ दुर्मीळ झाले आणि तस्करीच्या मालात घड्याळांना मोठे स्थान मिळाले. त्यामुळे त्या काळातल्या अनेक स्विस घड्याळांसोबत पावती सापडत नाही.

परदेशी घड्याळांची ही उणीव भरून काढली एचएमटीने. १९५३ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे घरोघरी पोहोचली. १७ ज्वेलचे, रोज चावी द्यावी लागणारे 'जनता' लग्नात, नोकरी लागल्यावर किंवा निवृत्तीच्या वेळी भेट मिळे. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा जमाना आला, टायटनने बाजार काबीज केला आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

ओळख पटवताना बाहेरून आत जावे. झाकणावर फक्त 'स्टेनलेस स्टील बॅक' असे असेल, तर बाकीची केस बहुधा मुलामा दिलेल्या हलक्या धातूची असते. तबकडीवर 'इन्काब्लॉक' लिहिले असेल, तर ते घड्याळ १९३०च्या दशकाआधीचे नाही, कारण धक्क्यापासून बचाव करणारी ही रचना त्याच दशकात आली. सहाच्या आकड्याखाली 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असेल, तर अंधारात चमकणारा रंग ट्रिटियमचा, म्हणजे काळ १९६०च्या दशकाचा किंवा नंतरचा. त्याआधी रेडियम वापरले जाई. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून तो रंग कधीही खरवडू नये.

झाकण उघडल्यावर बॅलन्स व्हीलजवळ बारीक चिन्ह आणि कॅलिबर क्रमांक, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा क्रमांक, शोधावा. अनेक स्विस ब्रँड स्वतः मशीन बनवत नसत. ती ए. शिल्ड, ईटीए, पेझ्यू अशा कारखान्यांतून येत. त्यामुळे तबकडीवरचे नाव अनोळखी असले, तरी कॅलिबर क्रमांकावरून काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे आणि तारखा दिसल्या, तर त्या घड्याळजींनी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी असतात. घड्याळ कधी वापरात होते, याचा तो अस्सल पुरावा.

यात एक गफलत टाळावी लागते. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर कारागिरांनी एका घड्याळाचे मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये बसवले, तबकड्या नव्याने रंगवल्या. जगभरचे संग्राहक अशा जोडघड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक रंग, जाड छपाई, तिरके आकडे, गायब झालेले 'स्विस मेड' आणि झिजलेल्या मशीनवर कोरी तबकडी या त्यांच्या खुणा. विकाऊ वस्तू म्हणून त्यांची किंमत घसरते. पण ज्याच्या मनगटावर ती चालली, त्याच्यासाठी ती घड्याळ चालू ठेवणारी दुरुस्तीच होती.

म्हणून वारशाचे घड्याळ हाती आले की आधी पॉलिश करू नये आणि तबकडी रंगवायला देऊ नये. जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्यावे, सर्व खुणांचे फोटो काढावेत आणि ते कोणी, कधी वापरले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.