दुखण्याचे शब्द : मिरज ते हेबेई

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. सातारा-सांगलीकडचा शेतकरी तेथे कळ, ठणका, चमक, मुरडा असे शब्द घेऊन परदेशी डॉक्टरांसमोर बसू लागला. रोगाला नाव डॉक्टर देतो. दुखण्याला नाव रोगीच देतो, आणि तेही स्वतःच्या बोलीत.

पुढे याच भूमिकेत एक मराठी डॉक्टर चीनमध्ये उभा राहिला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून झाले होते. समोर मात्र हेबेई प्रांतातील शेतकरी आणि सैनिक होते. कोटणीस चिनी शिकले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि चिनीतून शिकवूही लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या भाषाभ्यासाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. 'थंग' म्हणजे दुखणे, 'मा' म्हणजे बधिरपणा, 'चांग' म्हणजे फुगल्यासारखे वाटणे, इतके शब्दकोश सांगतो. पण चिनी रोगी पाय 'स्वान' झाले म्हणतो, तेव्हा काय समजावे? 'स्वान' म्हणजे आंबट. इंग्रजीतून विचार करणारा येथे अडखळेल. आपल्याकडे मात्र दिवसभर ऊस तोडून आलेला माणूसही 'अंग आंबलंय' असेच म्हणतो. तोंड आले, घसा धरला, की चिनी माणूस 'शांगहुओ' म्हणतो, म्हणजे आग वर चढली. आपण 'उष्णता झाली' म्हणतो. या दोन भाषांत रक्ताचे नाते नाही. तरीही श्रमलेल्या शरीराने दोन्हींकडे सारखीच रूपके शोधली आहेत.

या शतकात भारतातून हजारो विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेले. वर्गातील व्याख्याने इंग्रजीत असली, तरी खाटेवरचा रोगी चिनीच बोलतो. त्यांच्या हाती शब्दसूची असते. तिच्याबरोबर आपल्या आजीची दुखण्याची भाषाही त्यांनी आठवावी. 'स्वान'चा अर्थ तेथे अधिक लवकर सापडेल. मराठीच्या वर्गात आपण रूपक शिकवतो ते कवितेपुरते. दवाखान्यात त्याच रूपकाच्या आकलनावर निदान अवलंबून असते.