मोहाची नोंद कोणाच्या नावावर?

मार्च सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी, केळापूर, मारेगावच्या जंगलपट्ट्यात मोहाखालचा पालापाचोळा झाडून जमीन मोकळी करतात. पहाटे गळलेली फुलं मग भराभर वेचता येतात. ती वाळवून ठेवायची. पुढं फळं येतात, बियांचं तेल निघतं, पेंड उरते. तरोट्याचा पाला कोवळा असतानाच खुडायचा, काटवलं कुठल्या कुपाटीवर लागतात, भिलाव्याचा चीक अंगावर कसा उततो, हे कोलाम-गोंडांच्या घरात पाठ असतं. आता मोहाचं शास्त्रीय नाव टाकलं की यातलं बरंचसं मोबाइलवरही वाचायला मिळतं: खाण्याजोगे भाग, औषधी उपयोग, लागवड. या याद्यांचं कूळ मात्र बरंच जुनं आहे.

त्यातला एक ठळक पूर्वज म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस'. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. माहिती पुरवली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. पहिल्याच खंडात या चौघांची प्रमाणपत्रं आहेत. कोकणी वैद्यांचं १६७५ सालचं पत्र तर नागरी अक्षरांत छापलेलं आहे. म्हणजे माहिती कोणाची, हे ग्रंथानेच सांगितलं.

पुढच्या याद्यांत ही रीत सुटली. जॉर्ज वॉटचा भारतातील आर्थिक उपयोगाच्या पदार्थांचा कोश १८८९ ते १८९३ मध्ये निघाला. त्यात औषधांच्या गुणांबद्दल सिव्हिल सर्जनांची मतं नावानिशी येतात. रानातून साल काढून आणणारा मात्र बहुधा निनावीच राहतो. विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्राने अचूकपणा आणला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९९३ मध्ये काढला. पण अशा ग्रंथाचं मुख्य काम झाड ओळखण्याचं.

उपयोगावर भर देणारी यादी उभी केली लंडनमध्ये बस चालवणाऱ्या केन फर्न यांनी. १९८९ मध्ये कॉर्नवॉलला जमीन घेऊन त्यांनी बहुवार्षिक खाद्यवनस्पतींची लागवड सुरू केली. 'प्लांट्स फॉर अ फ्यूचर' या नावाने जमवलेल्या माहितीत सुमारे ७,००० वनस्पती आल्या, बहुतेक थंड हवेच्या. उष्ण प्रदेशांतल्या वनस्पतींची वेगळी यादी त्यांनी नंतर केली. घरबसल्या फुकट मिळणारं हे ज्ञान मोठं खरं, पण ते बहुतांशी छापील ग्रंथांतून वेचलेलं. ग्रंथांत सुटलेला माणूस तिथंही सुटतो.

तो सुटला की काय होतं, ते हळदीने दाखवलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढं केल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीला ग्रंथांचा आधार होता. कोलामाच्या तोंडी ज्ञानाला कुठला असणार? माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात रुजवलेली लोकजैवविविधता नोंदवही इथं कामाला येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमणं बंधनकारक केलं आणि २००४ च्या नियमांनी ही वही करणं हे त्यांचं मुख्य काम ठरवलं. वहीच्या तक्त्यात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, उपयोग यांच्या जोडीला जाणकाराचाही रकाना आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान जपणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्यातून, सूट दिली. त्यामुळे ग्रंथात न आलेल्या ज्ञानाची राखण करायला गावाच्या हाती ही वही अधिकच मोलाची.

ऱ्हीडने साडेतीनशे वर्षांपूर्वी जे सौजन्याने केलं, ते आज नियमाने करायचं आहे. पण नियम झाला म्हणून वही आपोआप भरत नाही. कित्येकदा ती बाहेरच्या माणसाकडून घाईघाईत भरून घेतली जाते आणि कपाटात जाते. तुमच्या गावची वही पुढच्या ग्रामसभेत मागून घ्या, मोहाचं पान काढा आणि जाणकाराचा रकाना वाचा. तो कोरा असेल, तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आधी तेवढा भरून घ्या.