मार्क ब्राउन नावाचा साक्षीदार

मार्क ब्राउन हे त्याचे खरे नाव नव्हे. खटल्याच्या कागदांत मात्र तो याच नावाने भेटतो.

2 जानेवारी 2003 च्या पहाटे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात नववर्षाच्या पार्टीतून बाहेर आलेल्या तरुणींवर मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. 17 आणि 18 वर्षांच्या दोघी ठार झाल्या. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे ‘बर्गर बार बॉइज’ या टोळीला ‘जॉन्सन क्रू’ या दुसऱ्या टोळीवर सूड उगवायचा होता, मुलींचा त्या वैराशी काहीच संबंध नव्हता. मार्च 2005 मध्ये लेस्टरच्या न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली, तिघांना किमान 35 वर्षे आणि एकाला 27. मार्क ब्राउनची साक्ष निनावी होती, आणि अपिलात वाद पेटला तो त्यावरच.

मे 2006 मध्ये अपील न्यायालयाने हे प्रकरण दुसऱ्या एका अपिलासोबत ऐकले. ते होते डेव्हिस नावाच्या आरोपीचे. 1 जानेवारी 2002 ला लंडनच्या हॅकनीत पार्टीतच दोघांचा खून झाला होता. गोळी झाडणारा म्हणून डेव्हिसला ओळखणारे तिघेच, तिघेही टोपणनावाचे, पडद्याआडचे, यंत्राने आवाज बदललेले. डेव्हिस म्हणे, मी आधीच निघून गेलो होतो. माझ्या पूर्वीच्या प्रेयसीने हे कुभांड रचले. पण साक्षीदार कोण हेच ठाऊक नसेल, तर त्याचे तिच्याशी नाते काय, हे वकिलाने विचारायचे तरी कसे? मला तरी हा आक्षेप बिनतोड वाटतो. अपील न्यायालयाला तो पटला नाही. दोन्ही अपिले फेटाळली गेली.

येथून वाटा फुटल्या. डेव्हिस हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांकडे गेला आणि 18 जून 2008 ला जिंकला. आरोपीला साक्षीदार समोर मिळण्याचा जुना हक्क एवढा कापायचा असेल तर तो संसदेने कापावा, न्यायाधीशांनी नव्हे, असा निवाड्याचा रोख होता. संसदेने 33 दिवसांत निनावी साक्षीचा कायदाच केला.

बर्मिंगहॅमच्या खटल्यातील तिघे स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले. एप्रिल 2012 मध्ये त्यांचे अर्ज दाखल करून घेण्याजोगे नाहीत, असे ठरले. त्या निर्णयातही साक्षीदाराचे नाव मार्क ब्राउन असेच आहे.