मतपत्रिका केव्हा गोळा झाल्या?

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची, म्हणजे एनसीएए स्पर्धेची, नोंदवही उघडली की दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एक विजेत्या संघांची, दुसरी ‘मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर’ या किताबाच्या मानकऱ्यांची. आज या दोन याद्यांतली नावे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. ज्या संघाने स्पर्धा जिंकली, त्याच संघाचा कोणीतरी मानकरी. पण 1956 ते 1966 हा तुकडा पाहिला, तर 11 पैकी तब्बल 8 वर्षी किताब विजेत्या संघाबाहेर गेलेला दिसतो. 1956 साली टेंपलचा हॅल लिअर, 1957 साली कॅन्ससचा विल्ट चेंबरलेन, 1958 साली सिअॅटलचा एल्जिन बेलर, 1959 साली वेस्ट व्हर्जिनियाचा जेरी वेस्ट. ही सलग चार वर्षे. पुढे 1961 साली ओहायो स्टेटचा जेरी लुकस, 1963 साली ड्यूकचा आर्ट हेमन, 1965 साली प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली आणि 1966 साली युटाहचा जेरी चेंबर्स.

याचे एक उत्तर सहज सुचते: अंतिम सामना संपण्याआधीच मतपत्रिका गोळा केल्या जात असाव्यात. वर्तमानपत्रांना रात्री मजकूर पाठवायची घाई असते, निकाल लागायला उशीर होतो, म्हणून मत आधीच लिहून दिले गेले असेल. तर्क पटण्यासारखा आहे. पण यादीत वर्ष, खेळाडू आणि महाविद्यालय एवढेच असते. मत कोणत्या घटकेला दिले, हे ती सांगत नाही. तेव्हा हा तर्क दुसऱ्या कागदांवर, म्हणजे त्या त्या सामन्याच्या गुणतक्त्यांवर, घासून पाहावा लागतो.

आधी 1957 घेऊ. 23 मार्च, कॅन्सस सिटी. नॉर्थ कॅरोलायनाने कॅन्ससला 54-53 असे हरवले, तेही तिसऱ्या जादा वेळेत. शेवटचे सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले आणि निकाल उलटला. चेंबरलेनचे 23 गुण. नॉर्थ कॅरोलायनाच्या लेनी रोझेनब्लूथचे 20. रोझेनब्लूथ तर पाच फाउल होऊन नियमित वेळ संपण्याआधीच बाहेर बसला होता. उपांत्य सामन्यातले गुण मिळवले, तर चेंबरलेनचे 55 होतात आणि रोझेनब्लूथचे 49. इथे दोन्ही स्पष्टीकरणे लागू पडतात. सहा सेकंद आधी कोणी मत लिहिले असते, तर ते विजेत्याला दिल्यासारखेच वाटले असते. आणि निकाल कळल्यावर लिहिले असते, तरी आकडे चेंबरलेनच्याच बाजूचे होते. याच मोसमाचा आणखी एक कागद आहे. हेल्म्स फाउंडेशनने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला तो रोझेनब्लूथ. एकाच वर्षातले दोन किताब एकाच सामन्यात समोरासमोर खेळलेल्या दोघांत विभागले गेले: पूर्ण मोसमाचा एकाकडे, स्पर्धेचा दुसऱ्याकडे.

1959 चा सामना 71-70 असा एका गुणाने गेला. 1961 चा जादा वेळेत 70-65. निसटत्या निकालांचे हे तीन सामने ‘लवकर गोळा केलेल्या मतपत्रिकां’च्या बाजूने उभे करता येतात. 1958 मात्र नाही. त्या वर्षी केंटकीने सिअॅटलला 84-72 असे हरवले. 12 गुणांचा फरक शेवटच्या क्षणाच्या उलथापालथीवर ढकलता येत नाही.

खरा पेच उरलेल्या चौघांत आहे, आणि तो सुटतोही तिथेच. लिअर, हेमन आणि ब्रॅडली तिसऱ्या क्रमांकाच्या संघांचे. चेंबर्सचा युटाह तर चौथा. हे चारही संघ उपांत्य फेरीतच हरले होते. म्हणजे अंतिम सामन्याचा चेंडू उडण्याआधीच मत देणाऱ्याला पक्के माहीत होते की या खेळाडूचा संघ विजेता होणार नाही. मतपत्रिका कितीही लवकर घेतली, तरी त्या माहितीत फरक पडत नव्हता. आठपैकी निम्म्या वर्षांपुरता हा तर्क इथेच बाद होतो. ‘विजेत्याला द्यायचा किताब चुकून दुसऱ्याला गेला’ असे या चौघांविषयी म्हणता येत नाही. हरलेल्या संघाचा खेळाडू जाणूनबुजून निवडला गेला.

1965 ची रात्र थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. 20 मार्च, पोर्टलंड. तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचा सामना अंतिम सामन्याच्या आधी, त्याच मैदानावर होई. त्यात प्रिन्स्टनने विचिटा स्टेटला 118-82 असे धुतले. ब्रॅडलीच्या नावापुढे तक्त्यात 29 प्रयत्नांत 22 गोल आणि 15 पैकी 14 फ्री थ्रो आहेत: एकूण 58 गुण. पाठोपाठच्या अंतिम सामन्यात यूसीएलएने मिशिगनला 91-80 असे नमवले आणि गेल गुडरिचने 42 गुण केले. त्यातले 18 फ्री थ्रोवरचे, 20 प्रयत्नांत. एरवी कोणत्याही वर्षी किताबाला पुरून उरेल असा हा खेळ. मते दोन सामन्यांच्या मध्ये दिली गेली असती, तर गुडरिचचे 42 गुण मोजलेच गेले नसते, ही शक्यता उरते. पण ती गृहीत धरायची गरज पडत नाही. दोन रात्रींची बेरीज केली तर ब्रॅडलीचे 87 गुण होतात, गुडरिचचे 70.

हीच बेरीज मागेपुढे लावून पाहा. 1956 साली लिअरने उपांत्य सामन्यात 32 आणि तिसऱ्या क्रमांकासाठी 48 गुण केले. त्या वर्षी विजेत्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल रसेलचे अंतिम सामन्यात 26 गुण आणि 27 रिबाउंड होते, तरी किताब लिअरकडे गेला. 1966 साली टेक्सस वेस्टर्नने केंटकीला 72-65 असे हरवले; पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात केलेल्या त्या संघाचा विजय अमेरिकी खेळाच्या इतिहासात मोलाचा मानला जातो. त्यातल्या बॉबी जो हिलचे अंतिम सामन्यात 20 गुण. चेंबर्सचा संघ दोन्ही सामने हरला, पण त्याचे गुण 38 आणि 32, म्हणजे 70.

एवढ्यावरून ‘दोन सामन्यांतले सर्वाधिक गुण’ असा नियम मांडावासा वाटेल. 1964 चा तक्ता त्याला आडवा येतो. यूसीएलएच्या 98-83 अशा विजयात गुडरिचने 27 आणि केनी वॉशिंग्टनने 26 गुण केले. किताब मिळाला वॉल्ट हॅझर्डला, जो 11 गुण करून पाच फाउलवर बाहेर गेला होता. हॅझर्ड त्या वर्षी बास्केटबॉल लेखक संघटनेचाही सर्वोत्तम खेळाडू होता. मोसमभराचा लौकिक मताबरोबर आत आला असावा, हा माझा अंदाज आहे. गुणतक्ता तो सिद्ध करत नाही, फक्त नाकारत नाही.

मोसमाच्या किताबांचे वेळापत्रक मुळात वेगळे असते. असोसिएटेड प्रेसच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी मते राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्याआधी घेतली जातात, जाहीर मात्र स्पर्धा रंगात असताना होतात. वाचणाऱ्याला वाटते की ताज्या सामन्यांचा हा कौल. असतो तो आधीच्या चार महिन्यांचा. म्हणून किताबाची बातमी वाचताना जाहीर झाल्याच्या तारखेपेक्षा मत दिल्याची तारीख पाहावी.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना 1981 नंतर बंद झाला. त्यानंतर एकदाच किताब विजेत्याबाहेर गेला. 4 एप्रिल 1983 रोजी अल्बुकर्कीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ह्यूस्टनला 54-52 असे हरवले. डेरेक व्हिटनबर्गचा लांबून फेकलेला, रिंगपर्यंत न पोचलेला चेंडू लोरेन्झो चार्ल्सने शेवटच्या सेकंदाला वरच्या वर झेलून आत घातला. चार्ल्सचे सामन्यातले गुण चार. ह्यूस्टनच्या अकीम ओलाजुवनचे 20 गुण आणि 18 रिबाउंड. उपांत्य सामन्यात 21 आणि 22. निकालाचा क्षण बाजूला ठेवून तक्ता वाचला, तर ओलाजुवनशिवाय दुसरे नाव डोळ्यांसमोर येत नाही.

यादीत एका ओळीवर मात्र वेळेचा प्रश्न खराच लागू होतो, आणि तो मतपत्रिकेच्या वेळेचा नाही. 1971 साली ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये यूसीएलएने व्हिलानोव्हाला 68-62 असे हरवले आणि किताब हरलेल्या संघाच्या हॉवर्ड पोर्टरला मिळाला. नंतर उघड झाले की मोसम चालू असतानाच त्याने पिट्सबर्ग काँडॉर्स या व्यावसायिक संघाशी करार केला होता. करार आधीचा, किताब नंतरचा. नियमाप्रमाणे तो करारानंतर महाविद्यालयीन खेळाडू उरलाच नव्हता. व्हिलानोव्हाचे उपविजेतेपद आणि पोर्टरचा किताब, दोन्ही रद्द झाले.

माझा निष्कर्ष असा. 1956 ते 1966 च्या मानकऱ्यांवरून मते लवकर गोळा होत होती, हे सिद्ध होत नाही. चौघांच्या बाबतीत ते कारण लागूच पडत नाही, बेलरच्या बाबतीत ते ओढूनताणून आणावे लागते, आणि वेस्ट, लुकस, चेंबरलेन या तिघांपुरते ते केवळ शक्य आहे. तेव्हाचे मतदार विजेता संघ न पाहता दोन रात्रींचा खेळ पाहत होते, हे मात्र तक्त्यांतून पुरेसे स्पष्ट दिसते. 1984 पासून 2025 पर्यंत एकदाही हा किताब हरलेल्या संघाकडे गेलेला नाही.